कच्च्या ध्वनिमुद्रणातले गाणे कसे ऐकावे

अमेरिकन गायक-गीतकार डॅनियल जॉन्स्टन यांचे गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. काहींना पहिल्या अर्ध्या मिनिटातच तो कापरा, बारीक आवाज आणि त्यामागची टेपची सरसर असह्य होते, तर काही जण त्याच अर्ध्या मिनिटात त्या गाण्याचे कायमचे होऊन जातात. हुतात्मा स्मृती मंदिरातील कार्यक्रम, गल्लीतले भजनी मंडळ आणि कारखान्यात दिवसभर चालू असलेला रेडिओ यांवर ज्यांचा कान घडला आहे, अशा सोलापूरकरांमध्ये पहिला तट बहुधा मोठा निघतो. हा लेख त्या तटातील, पण ऐकून पाहण्याची तयारी असलेल्या श्रोत्यासाठी आहे. या गाण्यांतील उणिवांकडे काणाडोळा करू नये आणि केवळ उणिवा आहेत म्हणून त्यांचे कौतुकही करू नये. त्या उणिवांसकट गाण्याने काय साधले आहे, हे कानाने शोधावे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठी ऐकण्याची एक पद्धत लावून घ्यावी लागते.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. अशा कच्च्या मुद्रणाला 'लो-फाय' म्हणतात, पण आज मोबाइलवर 'लो-फाय' असे शोधले की अभ्यासाच्या वेळी लावायचे संथ ठेके किंवा वेग कमी करून, घुमारा वाढवून पुन्हा सोडलेली हिंदी गाणी समोर येतात. येथे त्यांचा विचार केलेला नाही. येथे अभिप्रेत आहेत ती घरी, स्वस्त साधनांवर, बहुतेक वेळा दुसरा इलाज नव्हता म्हणून तशीच मुद्रित झालेली गाणी, आणि ज्यांनी संगीताच्या बाजारपेठेबाहेर राहून, प्रचलित गायकीचे संकेत न पाळता गाणी रचली असे गायक. अशा गायकांसाठी 'आउटसायडर' (चौकटीबाहेरचा) हा शब्द अर्विन चुसिड यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे संगीतात रूढ झाला. चित्रकलेत तो रॉजर कार्डिनल यांनी १९७२ मध्येच वापरला होता.

मुद्रण कच्चे असणे आणि गायक चौकटीबाहेरचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नव्या श्रोत्याची बहुतेक अडचण या दोन्ही एकत्र धरल्यामुळे होते. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम घरच्या घरी टास्कॅम कंपनीच्या पोर्टास्टुडिओ या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर मुद्रित झाला. तीच गाणी नंतर वाद्यवृंदासह करून पाहण्यात आली, परंतु अखेर कॅसेटवरचेच मुद्रण बाहेर आले. हे मुद्रण कच्चे आहे, पण गायक मुरलेला आणि नामांकित आहे. याच्या उलट, 'द शॅग्ज' या न्यू हॅम्पशायर राज्यातील फ्रेमॉन्ट गावच्या बहिणींचा १९६९ चा 'फिलॉसफी ऑफ द वर्ल्ड' हा अल्बम मॅसॅच्युसेट्समधील एका रीतसर स्टुडिओत मुद्रित झाला. तिथे आवाज स्वच्छ आहे, मात्र गाणे कोणत्याही ओळखीच्या चौकटीत बसत नाही. जॉन्स्टन यांच्याकडे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून ऐकण्याची पहिली पायरी अशी की, या तिघांचे एकेक गाणे एकाच बैठकीत ऐकावे आणि आपल्याला नेमके काय खटकते ते स्वतःशी ठरवावे: टेपची खरखर, की गळा आणि ताल? ज्याला फक्त खरखर खटकते त्याचा प्रश्न दोन-चार बैठकींत सुटतो. ज्याला गळा खटकतो त्याला पुढचे विवेचन अधिक उपयोगी पडेल.

बैठकीची वेळ आणि जागा यांना सोलापुरात विशेष महत्त्व आहे. मार्चपासून जूनपर्यंत छताचा पंखा पूर्ण वेगाने चालल्याशिवाय खोलीत बसवत नाही, आणि पंख्याचा तो सलग आवाज टेपच्या सरसरीत असा मिसळतो की गायकाचे हळू उच्चारलेले शब्द त्यात बुडून जातात. श्रोत्याला वाटते की मुद्रणच निकामी आहे, पण निम्मा दोष खोलीचा असतो. हिवाळ्यात, रात्री दहानंतर, पंखा बंद करून ऐकणे सर्वांत चांगले. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी हा बेत पुढे ढकलावा. शहराच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमागांची खडखड दिवसभर भिंतीपलीकडून येत असते, तिथल्या श्रोत्यांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट जाणवते. मागाचा ठेका न चुकता पडतो, आणि तो रोज ऐकणारा कान गाण्यातही तसाच न चुकणारा ठेका शोधू लागतो. त्यामुळे एकट्या माणसाने गाताना घेतलेला लहानसा थांबा त्याला चूक वाटतो. माग बंद झाल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मगच गाणे लावावे.

साधनांवर खर्च करण्याची गरज नाही. जॉन्स्टन यांची सुरुवातीची मुद्रणे मोनो आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच आवाज येतो, आणि हेडफोनवर तो आवाज डोक्याच्या मधोमध अडकल्यासारखा वाटतो. म्हणून पहिल्यांदा एखादा लहान स्पीकर टेबलावर ठेवून, शेजारी माणूस बोलत असावा इतक्या आवाजात ऐकावे. मोबाइलमधील इक्वलायझर, बास वाढवणारी सोय आणि सभोवार आवाजाचा परिणाम देणारी सोय बंद ठेवावी. त्याचप्रमाणे एक गाणे संपताच दुसरे आपोआप सुरू होण्याची सोयही बंद करावी, कारण आजचे मोठ्या आवाजाचे गाणे मागोमाग आदळले की आधीच्या गाण्याचा ठसा पुसला जातो.

खरखर कुठून येते हे कळले की तिचा त्रास पुष्कळ कमी होतो. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि ती सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते. स्टुडिओतील रुंद फीत सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर वेगाने धावते. जितकी कमी फीत त्या क्षणाच्या वाट्याला येते, तितका फितीवरील चुंबकीय कणांचा स्वतःचा आवाज गाण्याच्या तुलनेत वर येतो, आणि तीच ती सरसर. शिवाय, अंगचाच माइक असलेल्या साध्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय सहसा असते. गायक जोरात गायला की ती पातळी खाली ओढते, आणि गायक श्वास घ्यायला थांबला की ती पातळी वर चढवते, त्यामुळे दोन ओळींच्या मधल्या जागेत खोलीचा आवाज फुगून येतो. जॉन्स्टन यांनी साध्या सान्यो टेपरेकॉर्डरवर गाणी मुद्रित केली, आणि अशा मुद्रणांत ओळींच्या मधल्या जागांकडे कान दिला तर गायक कुठे श्वास घेतो, कुठे घाई करतो आणि कुठे पुढचा शब्द आठवण्यासाठी थांबतो, हे त्या फुगणाऱ्या आवाजावरूनच समजते. स्टुडिओत हे सारे काळजीपूर्वक काढून टाकले जाते. एकदा ते ऐकू यायला लागले की खरखर गाण्याच्या आड येत नाही, उलट गायकाची चाहूल देते.

दुकानातून कॅसेट भरून घेण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला नको. भरलेल्या कॅसेटवरून पुन्हा कॅसेट भरली की प्रत्येक वेळी खरखर वाढत जाते आणि शब्द पुसट होत जातात. जॉन्स्टन यांच्याकडे सुरुवातीला प्रती काढण्याची सोयही नव्हती, त्यामुळे ते दुसऱ्याला कॅसेट द्यायची असली की सारी गाणी पुन्हा गाऊन मुद्रित करत असत. पुढे टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात मॅकडोनल्ड्समध्ये काम करत असताना ते भेटणाऱ्यांच्या हातात आपल्या कॅसेट ठेवत. ही माहिती गाण्याच्या अर्थाशीही निगडित आहे. ही गाणी एका वेळी एका माणसाला उद्देशून गायलेली आहेत, आणि सभागृहाला उद्देशून गायलेल्या गाण्याच्या मापाने ती मोजली तर ती नेहमीच तोकडी पडतील.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळू. १९८३ च्या 'हाय, हाउ आर यू' या कॅसेटवरील 'वॉकिंग द काऊ' हे गाणे घ्यावे आणि ते एका बैठकीत तीनदा ऐकावे. पहिल्या वेळी शब्द समोर ठेवून फक्त शब्द ऐकावेत. इंग्रजी अगदी सोपे आहे, शाळेत शिकलेल्या इंग्रजीवर भागते. दुसऱ्या वेळी गळा पूर्णपणे बाजूला ठेवून हातातील वाद्य ऐकावे. ते लहान कॉर्ड ऑर्गन आहे: डाव्या हाताने बटण दाबले की तयार स्वरसंगती वाजते आणि उजव्या हाताने पट्ट्यांवर चाल वाजवता येते. पेटीची सवय असलेल्या आपल्या कानाला हा आवाज परका वाटत नाही. एका स्वरसंगतीवरून दुसरीवर जाताना लय कुठे पुढे सरकते आणि कुठे थबकते, हे बोटाने मांडीवर ठेका धरून पाहावे. तिसऱ्या वेळी गायकाबरोबर स्वतः गुणगुणावे, आणि ही पायरी कुणीही गाळू नये. गुणगुणताना असे लक्षात येते की चाल अतिशय नेटकी आहे, ती गळ्यात सहज बसते आणि दुसऱ्या दिवशीही आठवते. चालीत दोष नाही, दोष असला तर ती पोहोचवणाऱ्या आवाजात आहे, हे एकदा स्वतःच्या गळ्याला पटले की पुढचे ऐकणे बदलते.

तीनदा ऐकण्याचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. एकादशीच्या भजनात एखाद्या आजोबांचा आवाज चिरकला, किंवा 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावरील जात्यावरच्या ओव्यांत जात्याच्या घरघरीखाली एखादा शब्द हरवला, तर आपल्याला ते खटकत नाही; हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून जमलेला तो ओव्यांचा संग्रह आपण आदराने ऐकतो. पण त्याचे श्रेय आपल्या सहनशीलतेला देऊ नये. अभंगाची चाल आणि ओवीचा घाट आपल्याला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे आवाजाने गाळलेले आपला कान भरून काढतो. चौकटीबाहेरच्या गायकाच्या बाबतीत ही सोय नसते. त्याची चाल आपण पूर्वी कधी ऐकलेली नसते आणि ती त्या डळमळत्या आवाजातूनच शिकावी लागते. पहिल्या वेळी फक्त डळमळणे ऐकू येते, चाल तिसऱ्या वेळी हाती लागते, आणि ज्यांनी एकदाच ऐकून निकाल दिला त्यांनी गाणे ऐकलेच नाही, असे मी म्हणेन.

'द शॅग्ज'च्या बाबतीत मात्र ही पद्धत थोडी बदलावी लागते. तिथे पहिल्या वेळी ढोलवादन कानाआड करावे आणि फक्त गळा व गिटार यांच्यावर लक्ष ठेवावे. गिटार गळ्याच्या चालीला चिकटून, जवळजवळ अक्षरागणिक चालते. म्हणजे ज्याला आपण गोंधळ समजतो तिथे प्रत्यक्षात दोघींनी काळजीपूर्वक पाठ केलेली रचना आहे. ढोल वाजवणारी तिसरी बहीण स्वतःच्या मोजणीने चालते, आणि या दोन मोजण्या एकमेकींना मधूनमधूनच भेटतात. दुसऱ्या वेळी केवळ ढोल ऐकावा आणि तिसऱ्या वेळी दोन्ही एकत्र ऐकावेत. शीर्षकगीताचा आशय तर कुणालाही पटावा असा आहे: श्रीमंतांना गरिबांकडचे हवे असते, गरिबांना श्रीमंतांकडचे, आणि या जगात सर्वांना खूश करता येत नाही. हे सारे कोऱ्या, निरागस आवाजात सांगितले आहे आणि त्यात कुठेही आव नाही.

येथे श्रोत्याच्या जबाबदारीबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. 'द शॅग्ज'च्या बहिणींना त्यांच्या वडिलांनी, ऑस्टिन विगिन यांनी, शाळेतून काढून वाद्ये हाती दिली, आणि गावातील सभागृहात दर शनिवारी त्यांना वाजवायला लावले. १९७५ मध्ये वडिलांचे निधन होताच वाद्यवृंद थांबला. अल्बम १९८० मध्ये पुन्हा निघाला आणि मग जगभर त्याची चर्चा झाली. जॉन्स्टन यांनी आयुष्यभर गंभीर मानसिक आजार सोसला आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. या गोष्टी जाणून घ्याव्यात, पण गाणे आवडण्याचे कारण म्हणून त्या पुढे करू नयेत. आजारामुळे चाल चांगली होत नाही. १९८३ सालच्या त्या कॅसेटवरील चाली चांगल्या आहेत कारण त्या मन लावून बांधलेल्या आहेत. हसण्यासाठी ही गाणी लावणाऱ्यांच्या बैठकीत बसू नये, आणि कीव करत ऐकणाऱ्यांनाही मी त्याच पंगतीत बसवतो, कारण दोघेही गाण्याकडे न पाहता माणसाकडे पाहत असतात.

कान तयार करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे स्वतःचा आवाज मुद्रित करून पाहणे. शहाबादी फरशी आणि वर स्लॅब असलेल्या आपल्या घरांतील खोली रिकामी असेल तर आवाज भिंतीभिंतीवर आपटत राहतो. अशा खोलीत मोबाइल स्टुलावर, तोंडापासून दोन वितींवर ठेवून एक कडवे गावे. मग दारावर आणि समोरच्या भिंतीशी दोरी बांधून तिच्यावर सोलापुरी चादरी दुमडून, भिंतीपासून जरा अंतर सोडून टांगाव्यात आणि तेच कडवे पुन्हा गावे. जाड सुती कापड वरच्या पट्टीतील प्रतिध्वनी शोषून घेते, खालच्या पट्टीतील घुमण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि दोन मुद्रणांतील फरक पहिल्याच ओळीत ऐकू येतो. पहिल्या मुद्रणात आपण खोलीसह ऐकू येतो, दुसऱ्यात आपण एकटे उरतो. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये पार्श्वभूमीचा आवाज गाळण्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी, कारण ती शब्दांची शेवटची अक्षरेही खाऊन टाकते. हा प्रयोग करून झाल्यावर पुन्हा जॉन्स्टन यांच्याकडे यावे. त्यांच्या खोलीचा आकार, यंत्राचे अंतर आणि आवाज वळवण्याची तऱ्हा आता वेगवेगळी ऐकू येऊ लागेल.

याच कानाने बनावट खरखरही ओळखता येते. आजकाल स्वच्छ मुद्रणावर वरून टेपची सरसर चढवणारी सॉफ्टवेअर सहज मिळतात. अशी सरसर बहुधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहते आणि गळ्याशी तिचा काही संबंध नसतो. साध्या टेपरेकॉर्डरवरील मुद्रणात मात्र सरसरीमागचा खोलीचा आवाज गळ्यानुसार चढतो-उतरतो. हा पक्का पुरावा नव्हे, कारण चांगल्या यंत्रावरील खरी टेपसुद्धा एकसारखी ऐकू येऊ शकते. तरीही ज्या गाण्यातून खरखर वजा केली तर चाल उरत नाही, त्यावर वेळ घालवू नये. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया शहरात १९८२ मध्ये के रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रिका कंपनी सुरू करणारे कॅल्विन जॉन्सन आणि त्यांचा 'बीट हॅपनिंग' हा वाद्यवृंद, किंवा पूर्वी शाळेत शिक्षक असलेले रॉबर्ट पोलार्ड आणि १९९४ चा त्यांचा 'बी थाउजंड' हा अल्बम, यांनी साधेपणा जाणून-बुजून ठेवला. पण त्यांची गाणी हातात नुसती गिटार घेऊनही उभी राहतात, म्हणून तो साधेपणा खरा ठरतो.

इतरांनी गायलेल्या आवृत्त्या केव्हा ऐकाव्यात, याबद्दल मतभेद आहेत. जॉन्स्टन यांच्या गाण्यांचा २००४ चा दोन डिस्कचा संच यासाठी सोयीचा आहे. त्यात एका डिस्कवर टॉम वेट्स, बेक यांच्यासारख्यांनी गायलेली त्यांची गाणी आहेत आणि दुसरीवर मूळ मुद्रणे आहेत. पुष्कळ जण नवख्याला आधी नामांकित गायकाची आवृत्ती ऐकवतात. मला हे पटत नाही. सफाईदार आवृत्ती आधी कानात बसली की मूळ गाणे तिची फसलेली नक्कल वाटू लागते. आधी मूळ, मग इतरांची, आणि लगेच पुन्हा मूळ, हाच क्रम ठेवावा. मधल्या आवृत्तीमुळे चालीची बांधणी स्वच्छ दिसते आणि परत येताना तीच बांधणी मूळ आवाजातही ऐकू येते.

मित्रमंडळींना ऐकवायचे असेल तर चार-पाच जणांपेक्षा जास्त बोलावू नयेत आणि तीनपेक्षा जास्त गाणी लावू नयेत. सोलापुरात एका बैठकीत मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे सहज एकत्र असतात, तेव्हा गाण्याचा आशय प्रत्येकाला त्याच्या घरच्या भाषेत दोन वाक्यांत आधी सांगावा. गायकाची जीवनकथा मात्र गाणी संपेपर्यंत राखून ठेवावी, अन्यथा लोक गाण्याऐवजी कथेलाच दाद देतात. भजनी मंडळात गाणाऱ्या किंवा सामूहिक गायनाची आवड असलेल्या माणसासाठी कॅनडातील लँगली येथील शाळकरी मुलांची मुद्रणे सर्वांत चांगली सुरुवात ठरतात. १९७६-७७ मध्ये संगीतशिक्षक हान्स फेंगर यांनी शाळेच्या व्यायामशाळेत मुलांकडून त्या काळची लोकप्रिय गाणी गाऊन घेतली, आणि २००१ मध्ये ती जगासमोर आली. त्या मोठ्या दालनातील घुमणारा आवाज आणि एकसुरात नसलेले पण एकचित्त असलेले कोवळे गळे ऐकून, जॉन्स्टन यांना नाकारणारी माणसेही थांबून ऐकतात.

कुणाला तीन बैठकींनंतरही हे संगीत रुचले नाही, तर आग्रह करू नये. ती नावड आता ऐकून ठरवलेली असते आणि तिचा मान ठेवावा. ज्यांना रुचले त्यांनी पुढे 'बीट हॅपनिंग' आणि मग 'बी थाउजंड' घ्यावे. ह्यूस्टनमधून १९७८ पासून कॉर्वुड इंडस्ट्रीज या नावाने अल्बम काढणारे आणि २००४ मध्ये ग्लासगोला पहिल्यांदा लोकांसमोर येऊन गाणारे जँडेक मात्र अगदी शेवटी ठेवावेत, कारण त्यांच्या गिटारचे सूर नेहमीच्या पद्धतीने लावलेले नसतात, गुणगुणता येईल अशी चाल तिथे क्वचितच सापडते, आणि तिसऱ्या वेळी गायकाबरोबर गाण्याची वर सांगितलेली पायरी त्यांच्या बाबतीत उपयोगी पडत नाही.